बाच्या मरणाचं पिठलं

गाढवपणा कोणाच्या हातून होत नाही? पण बाप धडधाकट ओसरीवर बसलेला असताना त्याला मारायचा, आणि तोही वस्तऱ्यानं, हा पराक्रम अख्ख्या मेडशीत माझ्या एकट्याच्या नावावर आहे. अहो, कप खाली ठेवू नका, चहा प्या! रक्ताचा थेंब सांडला नाही. खर्च झालं ते फक्त पिठलं.

मी तेव्हा सोळा वर्षांचा. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. म्हणजे देशाला आलं होतं, मला नव्हतं. मी मालेगावच्या शाळेत शिकायचो, आत्याकडे राहायचो आणि शनिवारी चार-पाच कोस चालत मेडशीला घरी यायचो. घरी माय आणि बा. आणि बाचे कायदे.

डोक्यावर टोपी पाहिजे. केस इतके बारीक पाहिजेत, की चिमटीत धरता आले नाही पाहिजेत. हाटेलाची पायरी चढायची नाही. आता हाटेलात मिळायचं काय, तर चहा! पण बाच्या मते हाटेलात चहा पिणारा माणूस आणि जुगारी, दोघं एकाच गाडीतले.

मी मात्र मालेगावला राहून सुधारलो होतो. म्हणजे केस वाढवले होते. पुढं कोंबडा, मधून भांग आणि वरून चमेलीचं तेल. आठवडाभर उघड्या डोक्यानं फिरायचो आणि मेडशीच्या शिवेवर आलो की खिशातली टोपी काढून कोंबडा आत कोंबायचो. दोन महिने हे बिनबोभाट चाललं. पण तेलाचा वास टोपीत कोंबता येतो का?

त्या रविवारी मी फीचे पैसे मागितले. सोमवार शेवटचा दिवस होता. फी भरली नाही तर नाव कटणार, असं हेडमास्तरांनी बजावून सांगितलं होतं. बा माझ्याजवळ आला. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं आणि माझी टोपी उचलली. कोंबडा ताडकन उभा राहिला.

"हे काय होय?" बा म्हणाला.

"केस."

"ते दिसून राह्यले मले. वास कायचा?"

"तेलाचा."

"तेलाले पैसे हायेत तुह्यापाशी? मंग फीलेही असतीन. जाय, भर."

"बा, उद्या शेवटचा दिवस हाय. नाव कटन माहं!"

"तुहं नाव कटू दे, नाईतं केस काट. दोन्हीतून एक."

मी म्हटलं, शाळेत सगळ्यांचे असेच केस आहेत. बा म्हणाला, मंग सगळ्यायच्या बापायले माग फी. मी म्हटलं, देश स्वतंत्र झालाय. बा म्हणाला, देश आपली फी आपुन भरते. माय मध्ये पडली, तर तिला म्हणाला, "तूच शेफारून ठेवलं पोट्ट्याले." झालं. मी जेवलो नाही. बानं माझ्या वाट्याची भाकर शांतपणे बैलाला घातली.

सोमवारी उजाडताच मी निघालो. रस्ताभर रडत होतो. रागाचं रडणं फार वाईट, ते थांबतच नाही. मालेगावात शिरलो तेव्हा डोळे लालभडक झाले होते. वेशीजवळ लिंबाखाली एक न्हावी बसायचा. त्याला पाहिलं आणि डोक्यात सणक आली. बाला केस कापलेले पाहिजेत ना? मग घे म्हणावं, सगळेच घे! केस रुमालात बांधून मेडशीला पाठवायचे आणि वर्षभर घरी जायचं नाही, असा माझा बेत.

मी न्हाव्यापुढं बसलो आणि म्हटलं, "सगळे उतरव."

न्हाव्यानं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं. "सगळे?"

"एकही ठेवू नको."

त्यानं वाटीभर पाणी डोक्यावर ओतलं आणि निमूट कामाला लागला. मोठा बडबड्या माणूस, पण त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. डोकं झालं. मग वस्तरा वरच्या ओठावर आला आणि माझं नुकतं फुटलेलं मिसरूडही गेलं. मी डोळे मिटूनच होतो. म्हटलं, असू दे, नवं येईल ते जाड येईल.

आता तुम्ही म्हणाल, सोळा वर्षांच्या घोड्याला एवढं कळू नये? बाप जिवंत असताना मुलाच्या मिशीला वस्तरा लागत नाही. डोक्यासोबत मिशीही गेली म्हणजे बाप गेला, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं हो! पण डोक्यात राग भरला, की ठाऊक असलेलं सगळं बाहेर पडतं. मला वाटत होतं, मी बंड करतोय.

मी केस रुमालात बांधायला लागलो तर न्हावी हळूच म्हणाला, "नदीत सोडजो बापू." मी पैसे काढले तर त्यानं हात जोडले. "आज नको." मला नवल वाटलं. न्हावी पैसे नको म्हणतो?

पुढं तर नवलांची रांगच लागली. रस्त्यात बाच्या ओळखीचे दोघंजण भेटले. दोघांनीही रामराम घातला नाही, नुसत्या माना खाली घातल्या. किराणा दुकानदार गादीवरून उठून उभा राहिला. मला पाहून! हाटेलवाल्यानं हाताला धरून बाकावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "घे बापा, गरम गरम घे. जे आपल्या हातात नाई त्याले काय कराव?"

मी चहा पीत विचार करतोय: या गावाला दोन दिवसांत झालं काय? परवा मी कोंबडा काढून याच रस्त्यानं गेलो तर कुत्रंही बघत नव्हतं. आज टकला झालो तर मान! मनात म्हटलं, गुळगुळीत डोक्याला एवढी किंमत आहे हे बानं आधी नीट सांगितलं असतं, तर भांडण तरी कशाला झालं असतं?

शाळेत गेलो. फीला आठ दिवसांची मुदत मागायची होती. हेडमास्तर पुण्याकडचे, कडक माणूस. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पाढे विसरायचे. पण मी दारात दिसलो आणि ते खुर्चीतून उठले. जवळ आले, पाठीवरून हात फिरवला.

"बस, बाळ. फीसाठी आला होतास ना?"

"हो, पण घरून पैसे..."

"कुठून मिळणार आता! काही बोलू नकोस. तुला नादारी देतो. शाळा संपेपर्यंत फी माफ." त्यांनी कागद आणि टाक माझ्यापुढं सरकवला. "अर्ज लिही, मी सांगतो."

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. फी माफ होते म्हटल्यावर हात घोड्यासारखा धावत होता. वाक्याचा शेवटचा शब्द लिहिला आणि मग मी वाचलं, की माझा बाप वारला आहे.

कागदावर माझ्याच अक्षरात होतं ते. सकाळपासूनची सगळी नवलं एका क्षणात उलगडली. माझा हात आपोआप ओठावर गेला. ओठ गुळगुळीत! तोंड उघडलं, पण हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि खरं सांगू? नाव कटणार नव्हतं. मी तोंड मिटलं आणि खाली सही केली. त्या सहीची लाज मला आजही वाटते.

पुढं त्यांनी मला वर्गात नेलं. सगळा वर्ग दोन मिनिटं शांत उभा राहिला. मीही उभा. चार कोसांवर बा ओसरीवर बसून तंबाखू मळत असणार आणि मी त्याच्यासाठी शांतता पाळतोय!

शाळेतून सुटलो तो थेट आत्याच्या घरी पळालो. आत्या म्हणजे बाची सख्खी धाकटी बहीण. तिला खरं सांगावं आणि काहीतरी तोड काढावी. पाहतो तर दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली आणि माझं डोकं पाहून तिनं पदर डोळ्यांना लावला.

"तुही आत्या तं मेडशीले गेली रे बैलाची दमणी जुतून! न्हाव्यानं सांगतलं म्हने. पिठलं-भाकर करून घेऊन गेली. सख्खा भाऊ गेला अन् कोनी सांगाले आलं नाई, म्हनून ऊर बडवून राह्यली होती. अन् तू इथं काय करून राह्यला?"

पिठलं-भाकर! मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी न्यायचा तो कडू घास. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मी पळत सुटलो. थोडा पळालो, थोडा चाललो, एका सरकीच्या गाडीवर बसलो, पुन्हा पळालो.

पुढचं मायनं मला नंतर सांगितलं. आत्यानं रिवाजाप्रमाणं शिवेपासूनच हंबरडा फोडला होता. "दादा रेऽऽ, मले न भेटता गेला रेऽऽ!" आता बाई अशी रडत आली, की गाव मागं निघतंच. वावरातून लोक आले, पारावरून आले. कोण गेलं ते कोणीच विचारेना, रडणाऱ्या बाईला विचारणार कसं? बासुद्धा आला. डोक्यावर उपरणं टाकून तोंड पाडून सगळ्यांच्या मागून चालायला लागला. शेजाऱ्याला हळूच विचारलं, "कोन गेलं गा?" तो म्हणाला, "मालूम नाई, पन बाई तुह्याच घराकडं चालली." तेव्हा कुठं बा पुढं आला आणि म्हणाला, "सुभद्रे, काहून रडून राह्यली?"

आत्यानं पाहिलं आणि ती तिथंच रस्त्यात फतकल मारून बसली.

मी पोचलो तेव्हा ओसरीभर माणसं होती. मध्ये बा मांडी घालून स्वतःचा कडू घास खात होता. मिटक्या मारत! आत्या शेजारी बसून एकदा रडत होती, एकदा हसत होती आणि मधूनच त्याला चिमटा काढून पाहत होती.

मी दिसलो आणि लोकांनी मला वाट करून दिली. बानं माझ्या डोक्याकडं पाहिलं. मग ओठाकडं पाहिलं.

"मिशीबी?"

"हो."

"हं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "बस. जेव. बापाच्या मरनाचं पिठलं हाय, रोज रोज नाई भेटत."

मी जेवलो हो! आत्या म्हणाली, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. लोक हसत हसत घरी गेले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बानं विचारलं, "अन् फीचं काय झालं?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. नादारी, अर्ज, सही. मेला म्हटलं तेव्हा न चिडलेला माझा बाप आता ताडकन उभा राहिला.

"माफी? मी जिता असून माह्या पोराले माफी? गावात तोंड दाखवू का नोको मी?" मग खाली बसला. हळूच म्हणाला, "तो परका मास्तर. मी मेलो म्हनून एका घडीत तुही फी सोडली त्यानं. अन् मी जित्यापनी केसाच्या पायी अडून बसलो." असं म्हणून तो घरात गेला आणि कापसाच्या कोठीमागचं पैशाचं गाठोडं काढून आणलं. मला फार रडू आलं. ते रागाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बा धुतलेलं धोतर नेसून आणि फेटा बांधून माझ्यासोबत शाळेत आला. हेडमास्तरांनी विचारलं, "आपण कोण?" बा म्हणाला, "मी याचा मेलेला बाप." हेडमास्तर आधी पांढरे पडले, मग लाल झाले. मला दोन छड्या बसल्या, त्या मी आनंदानं खाल्ल्या. बानं पैसे टेबलावर ठेवले.

"असे घेता येणार नाहीत," हेडमास्तर म्हणाले. "नादारी कागदावर चढली आहे. ती रद्द करायला लेखी अर्ज लागेल. लिही रे!"

छड्यांनी हात सुजला होता आणि डोकं चालत नव्हतं. कालचा अर्ज टेबलावरच पडला होता. मी तोच समोर ठेवून भराभर उतरवला, फक्त 'वारले' होतं तिथं बदल केला. बाला वाचता येत नव्हतं, म्हणून तो म्हणाला, "मोठ्यानं वाच, मलेबी आयकू दे." मी छाती काढून वाचायला लागलो:

"आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझे वडील जिवंत आहेत."

हेडमास्तरांनी पुन्हा छडी उचलली. बानं त्यांचा हात धरला.

"होऊ द्या त्याले दुःख, मास्तर," तो म्हणाला. "पन हा मॅट्रिक होयेपर्यंत तं मले जगाच लागन."

मॅट्रिकला मी चार वेळा बसलो. गाव म्हणायचं, पोट्टं मठ्ठ आहे. म्हणू द्या! बापाचं आयुष्य वाढवत होतो मी.