पक्षाचं पत्रक आणि घरची पत्रिका

छापखान्यात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक स्वतःच्या हातानं लिहून आणून देतात आणि वर सांगतात, "ताई, शुद्धलेखन पाहून घेजा."

खामगावात जब्बारभाईंच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर लावायचे. बीटी कापसाची ती वर्षं. आधी बोंडअळी गेली म्हणून लोक खूश होते. मग भाव पडला, पुढे अळीही परत आली, आणि दर महिन्याला कुणाचा तरी मोर्चा निघू लागला. मोर्चा आला की पत्रक आलं, आणि पत्रक आलं की आमच्याकडे गर्दी.

दोन गिऱ्हाइकं नेहमीची. भास्करराव नव्या विचारांच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. त्यांच्या पत्रकात समता, विज्ञान, स्त्रीशिक्षण. दिगंबरकाका परंपरावाल्या पक्षाचे. त्यांच्या पत्रकात धर्म, संस्कृती, घराण्याची रीत. पक्षांची नावं सांगत नाही, दोघंही अजून आमच्याकडेच छापतात. सुरुवातीला मला वाटायचं, पक्ष कळला की माणूस कळला.

*

भास्कररावांनी एकदा पत्रक आणलं, 'विदेशी बीटी बियाणं हद्दपार करा'. मी टाइप करत होते आणि ते शेजारी उभं राहून फोनवर बियाण्याच्या दुकानदाराला सांगत होते, "माह्या बीटीच्या थैल्या बाजूले काढून ठेव, दुसऱ्याले देऊ नको."

मी मान वर करून पाहिलं. ते म्हणाले, "पत्रक पक्षाचं आहे ताई. वावर माहं आहे."

त्याच आठवड्यात दिगंबरकाका आले. पत्रकाचं नाव 'पूर्वजांची शेती, आपली शेती'. मी सहज विचारलं, "काका, तुम्ही काय पेरलं?"

"बीटी. गावात पयल्यांदा मीच पेरली."

"मग पूर्वजांचं काय?"

"ते अळीनं परेशान होते."

*

भास्कररावांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच महिन्यात त्यांचं 'मुलींना शिकवा' हे पत्रक आमच्याकडे छापून झालं होतं. लग्नपत्रिकेच्या प्रुफावर त्यांनी मुलीच्या नावापुढचं एम.एस्सी. खोडलं.

"काऊन काढलं भाऊ?" जब्बारभाईंनी विचारलं.

"नवरदेव बी.ए. आहे. उगीच लोकायच्या नजरेत येते."

पत्रिका तशाच छापल्या. न्यायला मुलगीच आली. वडील बाहेर गाडीत होते. तिनं माझ्याकडून पेन मागितला, मैत्रिणींसाठीच्या पत्रिका वेगळ्या काढल्या आणि काउंटरवर उभ्याउभ्या प्रत्येकीवर आपल्या नावापुढे एम.एस्सी. लिहिलं. अक्षर सुरेख होतं. पेन परत देताना म्हणाली, "बाबांच्या पाहुण्यांच्या राहू द्या तशाच."

*

मी स्वतः एका पक्षाची सदस्य आहे, हे मला त्या पक्षाची यादी टाइप करताना कळलं. नाव, नवऱ्याचं नाव, गल्ली, सगळं बरोबर. भास्कररावांना फोन लावला.

"ताई, यादीत महिला कमी पडून राह्यल्या होत्या," ते म्हणाले. "तुम्ही तं घरच्याच."

पंधरा दिवसांनी दिगंबरकाकांच्या पक्षाची यादी आली. तिच्यातही मी. काकांना विचारलं, तर ते बुचकळ्यात पडले. त्यांनी माझं नाव दिलंच नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, नाव माझ्या नवऱ्यानं दिलं होतं. घरी जाऊन त्याला विचारलं, "माझे विचार कुठले हे तरी माहीत आहे का तुला?"

तो बराच वेळ विचार करत बसला. खरोखर विचार करत होता, हे मात्र मला आवडलं.

*

एकदा पुण्याहून एक विद्यार्थिनी आली. कुठल्या पक्षाची माणसं उदारमतवादी आणि कुठल्या पक्षाची परंपरावादी, असा तिचा अभ्यास होता. प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढायला आली आणि आमच्याच बाकावर बसून माणसं पकडू लागली. जब्बारभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "बेटा, जो प्रूफ वेळेवर वापस करते, तो माहा पक्ष."

दिगंबरकाकांनी सगळी उत्तरं मन लावून दिली. मुलीनं शिकावं का? हाव. विधवेनं पुन्हा लग्न करावं का? इथं ते थोडं थांबले आणि म्हणाले, "करावं." तिनं बेरीज केली आणि आश्चर्यानं सांगितलं, "काका, तुम्ही तर उदारमतवादी निघालात."

काकांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पक्षात कोणाले सांगजो नको."

*

पुढे तिकीट मिळालं नाही म्हणून भास्कररावांनी पक्ष बदलला आणि काकांच्या पक्षात आले. जुनं परिचयपत्रक घेऊन आले आणि म्हणाले, "फक्त पक्षाचं नाव बदला. बाकी मजकूर राहू द्या."

मी मजकूर पुन्हा वाचला. खरंच, काही बदलावं लागलं नाही.

*

दिगंबरकाकांचा मुलगा कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन गेला होता. मागे सून संगीता आणि नात परी. तिसऱ्या वर्षी काका एक दिवस मजकूर घेऊन आले. संगीताच्या लग्नाची पत्रिका होती. वधूपिता म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

संगीता आणि परीही सोबत होत्या. मी लगेच मजकूर लावून काढलेलं प्रूफ संगीता वाचत होती. ते बोटानं दाखवत परीनं मला विचारलं, "यावर खाली माझं नाव कुठं आहे? सगळ्या पत्रिकेत लेकरांचं असते."

खरं होतं. पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांच्या नावानं एक ओळ असते, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. मी ती मुद्दामच टाकली नव्हती. संगीता वाचता वाचता थांबली.

तिथं काकांच्या पक्षाचे चिटणीस आपल्या कामासाठी बसले होते. ते हळूच म्हणाले, "काका, लग्न करून देऊन राह्यले, ठीक आहे. पण हे असं छापू नका. लोक हासतीन. आपल्या पक्षाले शोभत नाही."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. परीला जवळ घेतलं. मग मला म्हणाले, "टाक ताई. 'माझ्या आईच्या लग्नाला यायचं हं'. खाली हिचं नाव. अक्षर मोठं घेजो."

"काका, अहो..." चिटणीस म्हणाले.

"पत्रिकेत लेकराची ओळ असतेच," काका म्हणाले. "रीत आहे ते आपली."