किल्ली डाव्या हातानं

त्या गटात मी काही वर्षं जात होते आणि दर बैठकीला मनातल्या मनात दातओठ खात होते.

स्टुटगार्टच्या एका हॉस्पिटलचं तळघर. पॅरालिसिसच्या अ‍ॅटॅकनं ज्यांची वाचा जाते, त्यांच्यावर काम करणाऱ्या आम्हा स्पीच थेरपिस्टांचा आर्बाइट्सक्राइस, म्हणजे अभ्यासगट, तिथे महिन्यातून एकदा भरायचा. पाळीपाळीनं केक आणायचा, एकीनं पेशंटचा व्हिडिओ दाखवायचा, बाकीच्यांनी त्यावर मत द्यायचं, आणि शेवटी टाळ्यांऐवजी टेबलावर बोटांनी टकटक करायची. माझा केक कायम "जरा जास्तच गोड" असायचा. माझं जर्मन "अगदी कळतं" असायचं. म्हणजे काय, कळू नये अशी अपेक्षा होती? मी तोंड उघडलं की गटाच्या प्रमुखबाई घड्याळ बघायच्या.

एका वर्षी माझ्याकडे एक काका आले. मूळचे साताऱ्याचे, झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात उभी हयात काढलेले. रिटायरमेंट तोंडावर आली असताना अ‍ॅटॅक आला. उजवं अंग लुळं पडलं, तोंडातून शब्द फुटेना. जवळच्या एका क्लिनिकमध्ये अशा पेशंटना रोज तासन्‌तास थेरपी मिळायची. तिथे एकच जागा रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची हे आमच्या गटाच्या मतावर ठरायचं. अट साधी होती. पेशंटला सोप्या सूचना कळल्या पाहिजेत.

काकांना सगळं कळत होतं. मी आठवडाभर त्यांच्याबरोबर बसले होते, मला कळत नव्हतं होय?

चाचणी गटातल्याच एकीनं घेतली होती. व्हिडिओत काकांसमोर किल्ली, पेन, चमचा, कप मांडलेला. "किल्ली मला द्या," ती जर्मनमध्ये म्हणाली. काकांनी किल्लीकडे पाहिलं. मग डाव्या हातानं स्वतःचा लुळा उजवा हात मनगटाला धरून उचलला, किल्लीवर नेऊन ठेवला आणि बोटं मिटायची वाट बघत बसले. वेळ संपला. पेनाचंही तेच झालं.

"सूचना कळत नाहीत," प्रमुखबाई म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," केक खाता खाता दोघीतिघी म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "आल्झो, म्हणजे कळत नाहीत काय? किल्लीवरच हात नेला ना त्यांनी? आमच्याकडे कोणाला काही द्यायचं तर उजव्या हातानं द्यायचं. डाव्यानं देणं हा समोरच्याचा अपमान. ते या बाईचा मान राखताहेत!"

"याबद्दल कुठे काही प्रसिद्ध झालंय का?" प्रमुखबाईंनी विचारलं.

डोंबल! प्रसादाला डावा हात पुढे केला की आई पाठीत धपाटा घालते, त्यावर शोधनिबंध कोण लिहिणार?

मी हट्टच धरला. बोलवा त्यांना इथे, तुम्हीच घ्या चाचणी. शेवटी नाइलाजानं हो म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला काकू त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन आल्या. काकांना कडक इस्त्रीचा शर्ट, आणि सगळ्यांसाठी डबाभर नारळाच्या वड्या. वड्यांना कोणी हात लावला नाही.

"किल्ली द्या," प्रमुखबाई म्हणाल्या. काकांनी पुन्हा लुळा हात उचलून आणला. किल्ली घसरून खाली पडली. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, बघा म्हणून. मी किल्ली उचलून जागेवर ठेवली आणि मला राहवलंच नाही. मराठीत म्हणाले, "काका, इथे डाव्या हातानं दिलेलं चालतं. कोणी रागावणार नाही."

त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"अहो, द्या," काकू म्हणाल्या. "मी सांगतेय ना."

काकांचा चेहरा कसनुसा झाला. खाली मान घालून त्यांनी डाव्या हातानं किल्ली पुढे केली. मग पेन. मग चमचा कपात ठेवा, पेन किल्लीच्या पलीकडे ठेवा. बाई जर्मनमध्ये सांगत होत्या, काका बिनचूक करत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चारचौघांत या माणसाचे कपडे उतरवल्यासारखं वाटलं मला. पण म्हटलं, असू दे, जागा तर मिळाली.

"तुम्ही मध्ये बोललात," प्रमुखबाई मला म्हणाल्या. "तेही आम्हाला न कळणाऱ्या भाषेत. उत्तर सांगितलं नाहीत कशावरून? चाचणी बाद."

"मी एवढंसं बोलले! पुढचं सगळं तर तुम्हीच सांगितलंत!"

"नियम म्हणजे नियम."

पुन्हा चाचणी काही महिन्यांनी घेता येणार होती, आणि जागा त्याच आठवड्यात दुसऱ्याला जाणार होती. बैठक संपली म्हणून टेबलावर टकटक झाली. एकेकीच्या बोटांवर पट्टी हाणावीशी वाटली मला.

निघताना प्रमुखबाईंनी रीतीप्रमाणे हात पुढे केला. माझा उजवा हात रिकामा होता. मी डावा दिला. त्या जरा गोंधळल्या, मग त्यांनी तोच हलवला आणि गोड हसून "पुन्हा भेटू" म्हणाल्या. काकूंनी पटकन तोंड फिरवलं.

आणि काका हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, खांदे गदगदा हलवत, मोठ्यानं हसले.

प्रमुखबाईंनी वळून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "कारण नसताना हसतात. हेही नोंदवा."