बोहनीचं पेट्रोल

महेंद्रने नवी गाडी आणली त्या दिवशी बाळाराम भावाच्या घरी पेढा खायला गेला नाही. दात दुखतो म्हणाला. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्याने मूठभर चणे फोडून खाल्ले.

बाळाराम आणि मी आसनगावजवळच्या खडीच्या मशीनवर बरोबर कामाला होतो. घमेलं अर्धं भरलेलं त्याला चालत नसे, स्वतःचंही नाही आणि दुसऱ्याचंही नाही. कंबर गेली तेव्हा दोघांनी काम सोडलं. मी घरी बसलो. त्याने साठवलेल्या पैशात एक जुनी पेट्रोलवरची व्हॅन घेतली आणि किन्हवली ते शहापूर शिटा, म्हणजे प्रवासी, भरून न्यायला लागला. महेंद्र त्याचा धाकटा भाऊ. थोरल्याच्या खडीच्याच मजुरीवर शिकला आणि कल्याणला सरकारी कचेरीत लागला, राहतो मात्र गावातच. ते बाळारामने कधी बोलून दाखवलं नाही. पण गाडीचं त्याला सोसलं नाही.

गावात गाडीवाला म्हटलं की तो एकटा होता. कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाची परीक्षा, म्हसा गावच्या जत्रेला जायचं, सगळे त्याच्या दारात. आता लोक महेंद्रच्या गाडीपाशी थांबून काचेत केस बघायचे. बाळाराम त्या गाडीकडे बघत नसे. तरी तिच्याबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. सीटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, मागे घेताना पडद्यावर रस्ता दिसतो, आत लिंबाचा वास मारतो. एकदा महेंद्रच्या गाडीचं चाक बसलं. बाळारामने गुडघ्यावर बसून ते बदलून दिलं आणि पुढे महिनाभर ती गोष्ट स्टँडवर सांगितली.

अशात त्यांच्या बहिणीच्या मुलीचं, श्वेताचं लग्न ठरलं. शालन शहापूरला राहते. लग्न मुरबाडच्या हॉलमध्ये. नवरीला मामाने आणायचं आणि हाताला धरून स्टेजपर्यंत न्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. मामा दोन. हात थोरल्याने धरायचा, त्यात वाद नव्हता. पण शहापूरहून मुरबाडपर्यंत नवरी कोणाच्या गाडीत बसणार, यावर घरात कोणी तोंड उघडत नव्हतं. शेवटी महेंद्रने आपली गाडी सजवायला फुलवाल्याला सांगून ठेवलं, तेव्हा बाळारामने बहिणीला विचारलं. शालन पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"जी गाडी मधी बंद पडनार नाय, तिच्यात बसंल," ती म्हणाली.

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. गेला महिनाभर व्हॅन चढावर आचके द्यायची. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून पंपाचा घूंघूं आवाज यायचा, तो कधी यायचा, कधी नाही. शिटा उतरून ढकलायच्या आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गाडीत बसायच्या.

मी त्याच्याबरोबर शहापूरला ओमकार मेकॅनिककडे गेलो. पोरगा कामाचा आहे. बोलण्याआधी ऐकतो. त्याने किल्ली फिरवून कान लावला, मग टाकी उघडली आणि बाळारामला विचारलं, पेट्रोल किती भरता. बाळाराम म्हणाला, बोहनीचं. म्हणजे पहिल्या खेपेचे जे पैसे येतील त्यांचं पेट्रोल, आणि दिवस त्यावर काढायचा. पहिले पैसे गाडीच्या पोटात, मग आपल्या. हा त्याचा नेम होता आणि तो त्याने एक दिवस मोडला नव्हता. ओमकारने सांगितलं की पंप टाकीच्या आत बसलेला असतो आणि पेट्रोलमध्ये बुडाला तरच थंड राहतो. तुमची टाकी कायम तळाला. पंप इतकी वर्षं उघडा तापतोय, तो भाजलाय. नवीन घालावा लागेल.

आपल्या नेमानेच गाडीचा जीव घेतला, हे ऐकून बाळारामने टाकीचं झाकण स्वतःच्या हाताने घट्ट बसवलं. मग खर्च विचारला. नव्या पंपाचा आकडा त्याच्या दोन महिन्यांच्या शिलकेएवढा होता, मजुरी वेगळी.

महेंद्रला कळलं. तो रविवारी आला आणि पैसे मी देतो म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, मी तिथेच होतो. बाळाराम व्हॅनची काच पुसत होता. पुसून झालेली काच त्याने पुन्हा पुसली.

"मंग नवरी कोनाच्या गाडीतून आली म्हनतील?" त्याने विचारलं.

"तुझ्याच गाडीतून, दादा."

"आनि पंप कोनाचा म्हनतील?"

बाळारामने ओमकारकडून जुनाच पंप साफ करून घेतला, त्याची जाळी बदलली आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकी गळ्यापर्यंत भरली. ओमकारने बजावलं होतं, भाजलेलं भाजलेलंच, कधीही दगा देईल. वाटेत थांबली तर खालून टाकीला लाकडाने ठोका, घटकाभर चालेल.

व्हॅन चार दिवस एकदाही थांबली नाही. बाळाराम रोज ते सांगायला माझ्याकडे यायचा. शालनने पाचव्या दिवशी हो म्हटलं.

लग्नाच्या सकाळी व्हॅन पुढे, महेंद्रची गाडी मागे. व्हॅनला बाळारामने एकच हार घातला होता. महेंद्रची गाडी फुलांनी झाकली होती आणि आत त्याची बायको, संघरत्ना, आणि पोरं. व्हॅनमध्ये पांढऱ्या साडीत श्वेता, तिच्या शेजारी शालन, मागे मी. किन्हवली गेलं. बाळाराम आरशात दोनच गोष्टी बघत होता, श्वेता आणि मागची गाडी.

सरळगावच्या अलीकडच्या चढावर व्हॅनने आचका दिला आणि उभी राहिली.

बाळाराम लाकडाचा ठोकळा घेऊन खाली शिरला. ठोकलं, चालू झाली, थोडी गेली, पुन्हा थांबली. दुसऱ्यांदा ठोकलं. घूंघूं आलं नाही. महेंद्र मागून चालत आला. त्याने काही टोमणा मारला नाही. आपल्या गाडीचं दार उघडं ठेवून आला होता, एवढंच.

"चल श्वेता," तो म्हणाला.

श्वेता साडी सावरून अर्धी उठली. व्हॅनखालून बाळारामचे पाय बाहेर दिसत होते, नव्या पांढऱ्या विजारीला धूळ लागलेली. ठोकणं थांबलं होतं. तो खाली नुसता पडून होता. श्वेताने त्या पायांकडे बघितलं आणि परत बसली.

"धाकले मामा, मी इथनं उतरनार नाय. तुमी व्हॅन ओढा."

महेंद्रने मागे वळून आपल्या फुलांच्या गाडीकडे पाहिलं. थोरल्याच्या तोंडावर मी जे महिनोन्‌महिने बघत होतो, ते त्या वेळी धाकट्याच्या तोंडावर दिसलं. तसंच होतं, फक्त शर्ट इस्त्रीचा होता.

बाळाराम बाहेर आला. सीटखालून त्याने खडीच्या मशीनवरचा जाड दोर काढला. महेंद्रने आपली गाडी पुढे घेतली. गाठ बाळारामनेच मारली, आणि दोर भावाच्या गाडीच्या रंगाला घासू नये म्हणून खांद्यावरचा नवा टॉवेल मधे घडी करून घातला. मग व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसला.

लोकांना वाटतं ओढणारा राबतो आणि मागचा आयता जातो. तसं नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा लागतो. पुढची गाडी हळू होणार असं दिसलं की मागच्याने तिच्याआधी ब्रेक दाबायचा. नाहीतर दोर सैल पडतो, आणि पुन्हा ताणला की झटका बसतो. मुरबाडपर्यंत बाळारामच्या मानेची शीर उभी होती. श्वेताच्या केसातलं फूल हललं नाही.

हॉलच्या दारात सगळी वरात हसली. नवऱ्याकडच्या पोरांनी मोबाईलवर फोटो काढले, महेंद्रच्या गाडीवर थापा मारल्या. बाळारामने विजार झटकली, श्वेताचा हात धरला आणि तिला स्टेजपर्यंत नेलं. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा तो ब्रेकच्या उजव्या पायाचा भार डाव्यावर घेऊन उभा होता.

जेवताना महेंद्र ताट घेऊन त्याच्या शेजारी बसला. "दादा, एक झटका नाय लागला. मला वाटलं मागं कोन नायच."

"दोर चांगला हाय," बाळाराम म्हणाला आणि भात कालवला.

नवा पंप त्याने पावसाळ्याआधी घातला, आपल्या पैशाने. बोहनीचं पेट्रोल अजून भरतो, पण आता टाकी अर्धी असतानाच भरतो. स्टँडवर देवराम, दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, त्याला अजून छेडतो की भावाने ओढली म्हणे. बाळाराम म्हणतो, "ओढली. दोर कोनाचा व्हता?"

परवा महेंद्रने आम्हाला डिकी उघडून दाखवली. त्याने नायलॉनचा दोर विकत घेतलाय, पिवळा, दोन्ही टोकांना लोखंडी हुक. गाठ मारायलाच नको. बाळारामने तो हातात घेऊन ताणून पाहिला, हुक उघडून बंद करून पाहिला, परत होता तसा ठेवला. संघरत्ना आतून चहा घेऊन आली. बाळाराम दात दुखतो म्हणाला आणि निघाला.