आधी मळ्यात, मग जगात

डॉ. मल्लिनाथ शेटे यांना मी प्रथम पाहिले ते कसबा बावड्याच्या उसात. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात नुकतेच रुजू झालेले हे प्राध्यापक चिखलात उभे राहून लाल कूज या रोगाने वाळलेला ऊस कापत होते. सोबत कागलची त्यांची संशोधक विद्यार्थिनी सुनंदा, आणि बांधावर साडी सावरत मी. मळ्याचे मालक दत्तूआबा म्हणाले, "रोगट ऊस न्ह्या की, पावणं. पर काय गावलं तर आदी आमास्नी सांगा." सरांनी शब्द दिला. पुढचे सारे त्या शब्दापायी घडले.

त्या रोगाच्या बुरशीची जनुकीय माहिती बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून सीडीवर आली. ती जगभरच्या अभ्यासकांना पाहता यावी म्हणून एका संकेतस्थळावर ठेवायची होती. दोन हजारनंतरची ती पहिली वर्षे. महाविद्यालयातले इंटरनेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुलूपबंद, म्हणून आम्ही नेट कॅफे गाठला. सूचना इंग्रजीत. "बाई, तुमचं कॉन्व्हेंट आज कामाला येऊ दे," सर म्हणाले. मी वाचत गेले, सुनंदा टंकत गेली: नमुना कुठला, कोणत्या जातीच्या उसावरचा, कधी घेतलेला. एक फाईल चढेपर्यंत चहा होऊन भजी संपत.

खाते कोणाच्या नावे? आमच्याकडे रोपवाटिकेच्या नळावरसुद्धा विभागप्रमुख साहेबांचे नाव असे. रीतीप्रमाणे खातेही त्यांच्याच नावे उघडले. मी फणफणले. सर नवे होते, त्यांनी रीत पाळली. 'माहिती कोणी पाहावी?' या प्रश्नापुढे साहेबांनी 'फक्त मी' निवडले, आणि बढती मिळताच पासवर्ड आणि सीड्या घेऊन दुसऱ्या शहरी निघून गेले. सुनंदाला स्वतःचेच काम दिसेना. साहेबांना विचारले तर फोनवर उत्तर मिळाले, "माझा शोधनिबंध छापून येऊ दे, मग बघू." विभागातले शहाणे म्हणाले, "जाऊ द्या की, मोठी माणसं आहेत ती." मोठी माणसे! ऊस दत्तूआबांचा, घाम सुनंदाचा आणि मोठेपण यांचे!

शेटे सरांनी आवाज चढवला नाही. "वरच्यानं पाट अडवला म्हणून खालच्यानं ऊस वाळवायचा का?" एवढेच म्हणाले. बुरशीचे मूळ नमुने फ्रीजमध्ये होते. वीज गेली की सर स्वतः बर्फ आणून ठेवत. तेच प्रयोगशाळेत पुन्हा पाठवून सर आणि सुनंदा या दोघांनी सगळे काम नव्याने उभे केले. त्याच सुमारास माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. माझी प्रात्यक्षिके सर घेत आहेत, हे मला शिपायाकडून कळले. त्यांनी आजवर त्याचा उच्चार केलेला नाही.

नवे खाते सुनंदाच्या नावे उघडले. 'सर्वांना खुले' हे बटण दाबायला ती निघाली, तेव्हा सरांनी तिला थांबवले. "आधी बावडा." आम्ही तिघेही गेलो. सरांनी बांधावर बसून सांगितले, "आबा, तुमच्याकडच्या बुरशीचा वाण वेगळा आहे. तुम्ही लावता तो ऊस तिच्यापुढं टिकणार नाही. जात बदला." दत्तूआबा हसले. "बोलल्यागत केलंसा की, सर."

परत येऊन बटण दाबले. पुढे साहेबांचा फोन आलाच: "माझ्या परवानगीशिवाय?"

"सर, परवानगी मळ्यातनं घेतली आहे," शेटे सर म्हणाले.

आज त्यांची एकसष्टी. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या पहिल्या पानासाठी समितीने त्याच साहेबांच्या शुभेच्छा मागवल्या आहेत, असे ऐकते. छापा बापडे, रीत आहे. शेटे सरांनी मात्र निरोगी राहून शंभरी पाहावी आणि अडवलेले पाट असेच मोकळे करत राहावे. आणि समितीला एक विनंती: ग्रंथाची पहिली प्रत व्यासपीठावर नको. ती आधी बावड्याला जाऊ द्या.