विहिरीच्या काठावरच्या चपला

आमच्या घराण्यात कोळशाच्या खाणीत नोकरी केलेला माणूस एकच. आमचे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. विदर्भातल्या एका खोल खाणीत त्यांनी उभं आयुष्य काढलं, पण कोळशाचा एक खडा फोडला असेल तर शपथ! ते दिव्यांच्या खोलीत होते. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा आणि माणूस वर आला की परत घेऊन त्याच्या नंबरच्या हुकाला टांगायचा. निवृत्त होऊन ते चोपड्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा ‘नानांनी खाणीत काय दिवे लावले’ हा माझा आवडता विनोद झाला. नानाही हसत.

त्यांच्याकडे खाणीचा इतिहास भरपूर आणि ऐकणारं कोणी नाही. आधी उघड्या दिव्यांनी गॅस पेटायचा, मग जाळीचे दिवे आले, मग बॅटरीचे. छत बसण्याआधी लाकडी टेकू कसे करकरतात, हे तर ते नेमकं आम्ही कळण्याच्या भाकरीचा घास तोंडात घातला की सांगत. मी म्हणायचो, नाना, इथे केळी पिकते, कोळसा नाही.

पण खोल जाण्याच्या बाबतीत आम्हीही खाणवाल्यांना हार जाणारे नव्हतो. पाणी दरवर्षी खाली जातं आणि आम्ही इमानाने त्याच्या मागे. यंदा दीडशे फुटांच्या पुढे विहीर खणायला काढली. काठावर यारी, म्हणजे माणसं आणि दगड वरखाली नेणारं दोराचं यंत्र, आणि तळाशी सुरुंग. सुरक्षेचा नियम एकच, आणि तो कडक. विहिरीत उतरताना चपला काठावर काढायच्या. खाली आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, राहतात, त्यांच्या घरात पायताण नेलेलं चालत नाही. सुरुंगाने फोडलेल्या दगडांवर अनवाणी चालून पाय फाटले तरी चालतील. देवींना तेवढं समजतं.

मला वाटलं, खाणीत राहिलेला माणूस याला तरी विरोध करील. छे! नानांनी गोणपाट अंथरलं, सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावून घेतल्या आणि दिवसभर शेजारी बसून राहिले. मी विचारलं, “नाना, एका जोडीचे किती घेता?” मजूरही खो खो हसले.

त्या रविवारी मी जळगावहून नवे सँडल घालून आलो होतो. नानांनी तेही ओळीत लावून घेतले. तळाच्या कपारीतून झरा लागल्याचं कळलं आणि मला व्हिडिओ काढायची हुक्की आली. मी यारीच्या बादलीत बसून खाली गेलो. सुरुंगाची भोकं भरून झाली होती, वायरी वर गेल्या होत्या. मजूर दोन खेपांत वर गेले. पहिल्या खेपेतल्यांना वाटलं, मी दुसरीत येईन. दुसरीतल्यांना वाटलं, मी पहिलीत गेलो. मी कपारीत अंग घालून झऱ्याला चांगला प्रकाश कुठून मिळेल, या गहन प्रश्नात होतो.

बाहेर आलो तर बादली नव्हती. मी ओरडलो. वर कॉम्प्रेसर धडधडत होता, माझा मलाच आवाज ऐकू येईना. फोनला रेंज नाही. पायाशी भरलेली भोकं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि, सांगायला लाज वाटते, रडलो.

वर काय झालं ते वडिलांनी नंतर सांगितलं. सुरुंगवाला बॅटरीला वायर जोडायला वाकला, तेवढ्यात नाना गोणपाटाकडे बोट दाखवत म्हणाले, “थांब. एक जोडी शे आठे.”

सुरुंगवाला म्हणाला, “राहू द्या ना नाना. शेतात चपलास्नी काय कमी शे?”

नाना उठले, बॅटरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, “मी उठाव नही.” सुरुंगवाला चिडला, वडीलही वैतागले. मग वडिलांनी ते सँडल नीट पाहिले.

बादली खाली आली. मी वर पोचलो तेव्हा नाना अजून बॅटरीवरच होते. कॉम्प्रेसर बंद केला होता. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. ते विहिरीकडे बघत म्हणाले, “एकदा एक हुक रिकामा राह्यना. साहेब बोलना, कोनी दिवा घर लई ग्या व्हई, बंद कर. मी तठे जास्तीना दिवा टांगी दिना.”

“मग?”

“दुसऱ्या पाळीले त्याना मुडदा सापडना. छत बसेल व्हतं, पन तो दबना नव्हता. मांगे अडकेल व्हता. हवा संपनी.” मग म्हणाले, “त्यानी डबा खाई लेल व्हता. वाट देखत व्हता.”

वडील म्हणाले, “चल नाना, ऊठ आता.” नाना उठेनात. मी सँडल घातले, दोन्ही पट्टे लावले. नानांनी रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं. मग ते उठले.