बोयच्या पिल्लांचा उपास

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते. कारण आमच्या चाळीत ही गोष्ट आता ज्याच्या त्याच्या तोंडी आहे आणि जो तो त्यात पदरचा मीठमसाला घालतोय. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. माती मीच खाल्ली! पण सांगायला मी काय कोणाच्या बापाला घाबरते?

तर माझी भाची ऋतुजा. कणकवलीच्या बहिणीची मुलगी, शिकायला लालबागला माझ्याकडे राहते. शिकते काय, तर समुद्रातल्या माशांची पिल्लं किती श्वास घेतात! मी म्हटलं, "अगो, ह्यात शिकायचं काय? मासा एक तर पाण्यात असतो, नाहीतर आपल्या ताटात."

पण पोरगी हुशार. मला बसवून समजावलं तिने.

"मावशी, पिल्लू नुसतं गप्प राहिलं तरी त्याला जगायला ताकद लागते की नाही? ती किती लागते ते कळलं, की अंग धरायला किती उरते ते कळतं. समुद्राचं पाणी तापत चाललंय, मग ह्यांचं पुढे कसं होणार?"

"आणि ताकद मोजतेस कशी?"

"पिल्लाला बंद बरणीत ठेवायचं. पाण्यातला ऑक्सिजन किती कमी झाला, ते यंत्र सांगतं."

पटलं हो मला. खोटं कशाला बोलू?

यंदाच्या पावसात तिच्या कॉलेजची लॅब गळायला लागली. मग सरांना विचारून तिने टाकी, बरण्या, यंत्र आणि माहीमच्या खाडीतून आणलेली बोय माशाची बोटाएवढी पिल्लं आमच्या आतल्या खोलीत आणून ठेवली. शुक्रवारी सर स्वतः आकडे बघायला येणार होते. आकडे जमले तर काम पुढे, नाही जमले तर वर्ष फुकट. आणि वर्ष फुकट गेलं की तिचा बाप तिला कणकवलीला उचलून नेणार. तो टपूनच बसलेला!

पोरीने मला बजावलं, "मावशी, मोजायच्या आदल्या दिवशी ह्यांना काही म्हणजे काही घालायचं नाही हं. खाल्लेलं पचवायलाही ताकद लागते. मग आकडा चढतो."

"बरं गो," मी म्हटलं. आणि ती कॉलेजला गेली.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. आता तुम्हीच सांगा. संकष्टीला आपण काय करतो? आज काही खायचं नाही असं सगळ्या मजल्याला सांगतो आणि दुपारी बशी भरून साबुदाण्याची खिचडी हाणतो. त्याला कोणी जेवण म्हणतं का? नाही ना? मग त्या पिल्लांनीच काय घोडं मारलं होतं? काचेला तोंडं लावून माझ्याकडे बघत होती हो! मला बघवेना. खिचडी केलेलीच होती, शेंगदाण्याचं कूट घालून. चिमूटभर चुरडून सोडली पाण्यात. मिरची काढून! मला काय अक्कल नाही?

तुटून पडली सगळी.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने मोजलं, तर आकडा चढलेला. परत मोजलं, तोच आकडा. तिच्या कपाळाला आठ्या. "ही गप्प असलेल्या पिल्लांची मापं वाटतच नाहीत. कशाने तरी बिथरलीत ही. आवाजाने असेल का गं?"

आवाज! खाली मंडळाच्या पोरांचा ढोल-ताशाचा सराव चाललेला. माझं डोकंच फिरलं. गाऊनवर ओढणी टाकली आणि तरातरा जिना उतरले.

"बंद करा रे!"

जयेश म्हणून आहे, पथकाचा म्होरक्या. तो पुढे आला. "काय झालं, मावशी?"

"आमच्या घरात पिल्लं आहेत लहान. त्यांना त्रास होतोय!"

"अरे वा! कोणाची पिल्लं?"

"बोयची!"

पोरं जी हसायला लागली! "मावशी, मासे आमच्या ढोलाला घाबरले?"

"हसतोस काय मेल्या? माझ्या भाचीचं वर्ष जाईल. शुक्रवारपर्यंत एक टिपरू जरी पडलं ना, तर सगळ्या ढोलांची पानं फाडून ठेवीन!"

गणपती तोंडावर आणि लालबागमध्ये ढोल बंद! झालाय का असा प्रकार कधी? मी करून दाखवला. कुकरची शिट्टी बंद केली. आमचे हे दुपारचे घोरतात, त्यांना गॅलरीत हाकललं. आणि बिचारी पिल्लं घाबरलीत म्हणून, मोजायच्या आदल्या दिवशी, उरलेल्या खिचडीतलं जरा जास्तच घातलं त्यांना.

आकडा आणखी चढला!

ऋतुजा रडकुंडीला आली. "मावशी, माझंच काहीतरी चुकतंय. मला नाही जमणार हे. बाबा म्हणतात तेच खरं." पण माझ्या मनात तरी शंका यावी? छे!

शुक्रवारी सर आले. टाकीवर वाकले, खाली तळाला काहीतरी दिसलं म्हणून ड्रॉपरने वर काढलं आणि उजेडात धरलं. "ऋतुजा, हे अंडं आहे का गं?"

"सर, ही पिल्लं आहेत. अंडी कशी घालतील?"

"पण बघ ना. गोल, पारदर्शक, मध्ये पांढरा ठिपका. लॅबला नेऊन बघू या का?"

मला राहवेना. "अहो सर, अंडं कसलं? साबुदाणा आहे तो! मध्ये जरा कच्चा राहिलाय."

"मावशी! तू ह्यांना खायला घातलंस?"

"खायला कुठे घातलं? उपासाचं दिलं!"

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, ती बिथरलेली नाहीत. तुमची खिचडी पचवतायत!"

"मग पचवू देत की! माझ्या घरात आलेला जीव उपाशी राहणार नाही, सांगून ठेवते. मग तो दोन पायांचा असो नाहीतर कल्ल्यांचा. आणि सर, तुम्हीपण जेवल्याशिवाय हलायचं नाही!"

सर मुकाट्याने पाटावर बसले. सोलकढीची दुसरी वाटी घेताना म्हणाले, "ऋतुजा, तुझं मोजणं चोख आहे. खाल्लेलं बरोबर पकडलंस. रविवारपर्यंत थांबतो. खऱ्या रिकाम्या पोटाचा आकडा दाखव."

मग पोरीने काय करावं? मला घराबाहेर काढलं! माझ्याच घरातून! "मावशी, तुझा हात राहणार नाही." खोटं नाही, राहिला नसता. अख्खा शनिवार शेजारणीकडे काढला आणि रविवारी मोजणीच्या वेळी खाली मंडपात खुर्ची टाकून बसले.

जयेश आला. "मावशी, आता तरी वाजवू का?"

"वाजव मेल्या. अडवलंय कोणी?"

इतके दिवस तुंबलेली पोरं ती. अशी तुटून पडली ढोलांवर, की मंडपाचे बांबू हलायला लागले. आणि मग माझ्या लक्षात आलं. वर मोजणी चाललीय! पिल्लं खरंच बिथरली तर? गेलं पोरीचं वर्ष! मी "थांबा, थांबा" करत उठले. पोरं थांबली, तोच तिसऱ्या मजल्यावरून ऋतुजाची हाक आली.

"मावशी! आकडा उतरला! एकदम शांत आहेत पिल्लं!"

माझे डोळेच भरले. तशीच जिन्याकडे धावले.

"अगं, तू कुठे निघालीस?" ऋतुजा वरून किंचाळली. "ढोल चालू दे! फक्त तू वर येऊ नकोस!"