गैरहजर

नागपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला तो माझ्या शेजारी बसायचा. भिवापूरहून आलेला. पहिल्या हजेरीला त्यानं ‘हाव जी’ म्हटलं आणि वर्ग हसला. त्यानंतर नंबर जवळ आला की तो तळवे पायजम्याला पुसायचा. ओठ हलायचे, आवाज फुटत नसे. रोज गैरहजेरी लागायची.

“येस सर म्हण ना गा,” मी म्हणायचो.

“मले घाम सुटते,” तो म्हणायचा.

हजेरी कमी पडलेल्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्या यादीत त्याचं नाव लागलं. तेव्हा तो वही घेऊन सरांपुढे उभा राहिला.

“मी रोज येऊन राहिलो जी. पाहा न.”

सरांचं इंग्रजी व्याख्यान त्यानं शब्दन्‌शब्द देवनागरीत उतरवलं होतं. मधलं ‘सायलेन्स प्लीज’सुद्धा. सर उभ्यानंच पानं उलटत राहिले. मग त्यांनी हजेरीपट पुढे ओढला.